वळण लावणारा हात

मंगोलियाचा हारुमाफुजी हा सुमोतला सत्तरावा योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मल्ल. ऑक्टोबर २०१७ मध्ये तोत्तोरी इथे थोरले समज देत असताना त्याच्याच देशाचा धाकटा मल्ल ताकानोइवा मोबाइल बघत बसला. हारुमाफुजीने त्याला इतकं मारलं की डोक्याला टाके पडले. धाकट्याला वळण लावणं हे आपलं कर्तव्य वाटलं, असं त्याचं म्हणणं. नऊ स्पर्धा जिंकलेल्या या मल्लाची कारकीर्द २९ नोव्हेंबरला संपली.

जन्म शाळेत गेला माझा. हे कारण शिक्षकांच्या खोलीत कितीदा ऐकलंय! पण खरी गोष्ट पुढेच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच ताकानोइवाने आपल्या हाताखालच्या मल्लाला मारलं आणि त्यालाही सुमो सोडावं लागलं.

आता सांगा, त्या मारातून धाकटा नेमकं काय शिकला?