दगडावरची नावं

नावं कोरण्याची हौस आपल्या रक्तातच आहे. आमच्या घरातल्या एकाही वाटीवर घरच्या माणसाचं नाव नाही. सगळी आहेर देणाऱ्यांची. आमच्या गल्लीतल्या देवळात तर ट्यूबलाइटवर देणगीदाराचं नाव इतकं ठळक, की उजेड कमी पडतो. आणि खोटं कशाला बोलू, कॉलेजात असताना सिंहगडावरच्या एका दगडावर मीही खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलेलं आहे.

त्यामुळे लंडनजवळ राहणारे आमचे चिरंजीव "बाबा, आज नावं बघायला जाऊ" म्हणाले, तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. सौ.ला विंडसरचा राजवाडा बघायचा होता. गाडी थांबली ती रनीमीडजवळच्या कूपर्स हिल टेकडीवर. खाली थेम्स, आणि काठचं ते कुरण, जिथं १२१५ साली जॉन राजाला मॅग्ना कार्टा मान्य करावा लागला. "राजवाडा इथूनही दिसतो की," चिरंजीव म्हणाले. दिसला, सुपारीएवढा. सौ. काही बोलली नाही. म्हणजे बोलणं घरी गेल्यावर होतं.

टेकडीवर पांढऱ्या दगडाचं हवाई दलांचं स्मारक. १९५३ साली एलिझाबेथ राणीनं त्याचं उद्घाटन केलं. ओवऱ्यांना अरुंद खिडक्या, आणि खिडक्यांच्या दोन्ही अंगांना नावं. २०,००० हून अधिक! दुसऱ्या महायुद्धात गेलेले, पण ज्यांच्या कबरीचा ठावच नाही, असे सगळे.

सवयीनं मी 'आपलं' कुणी आहे का ते शोधू लागलो. सापडलं ते सौ.ला. २४३ नंबरच्या पाटीवर नूर इनायत खान. वडील बडोद्याचे गवई. पणजोबा मौलाबक्ष गायकवाडांच्या दरबारातले. मुलांसाठी जातककथा लिहिणारी ही मुलगी हवाई दलाच्या महिला शाखेत गेली, आणि पुढं पॅरिसमध्ये शत्रूच्या नाकाखाली बिनतारी यंत्र चालवत राहिली. १९४४ साली डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय तीस.

सौ.नं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "कबर नाही, तर घरच्यांना हात टेकवायला काहीतरी हवंच की हो."

गाडीत परतल्यावर तिनं फ्लास्कमधला चहा घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात ओतला. पेल्यावर तिच्या थोरल्या आत्याचं नाव होतं. आत्या जाऊन बारा वर्षं झाली. घासून घासून पुसट झालेलं ते नाव मी पहिल्यांदाच नीट वाचलं, आणि पेला दोन्ही हातांनी धरला.

सिंहगडावरचं माझं नाव मात्र एव्हाना पावसानं पुसून टाकलेलं असावं, अशी फार इच्छा आहे.