खेळतोस का?

खेळायची लहर आली की गोट्या पुढचे दोन पाय जमिनीला टेकवतो, मागचा भाग वर, शेपटी गरगर. आणि तसाच थबकतो. हे थबकणं बरेच दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला दिसायचं ते पुढचं: माझी चप्पल तोंडात धरून अंगणभर पळणं.

शेजारच्या आजींचं करडू त्याच्या निम्म्यानं. त्याच्याशी खेळताना हा मुद्दाम उताणा पडतो, त्याला छातीवर चढू देतो. एकदा दात जरा जोरात लागला, करडू किंचाळलं. गोट्या झटकन मागं सरला आणि पुन्हा तसाच वाकून थांबला. करडानं शिंगं नसलेलं डोकं पुढं केलं, मगच खेळ पुन्हा सुरू. मार्क बेकॉफ या अमेरिकी अभ्यासकानं कुत्रे, लांडगे आणि कायोट यांच्या पिल्लांचे खेळ बारकाईनं पाहून 1995 साली लिहिलं की हे वाकणं नुसतं सुरुवातीला नसतं. चावण्याचा गैरसमज होईल अशा जागी, त्याच्या आधी किंवा नंतर, ते हटकून येतं. आमच्या ओसरीवर रोज चालणारा प्रकार विद्वानांच्या भाषेत वाचून मला उगाचच अभिमान वाटला.

माझं काम वेगळं. मी सारस बघतो. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात. जून महिन्यात त्यांची मोजणी होते. अंधारातच वेगवेगळ्या टोळ्या आपापल्या जागी जाऊन बसतात, कारण उजाडलं की रात्रीच्या मुक्कामाचे पक्षी चरायला उठतात आणि तोच पक्षी दोन वह्यांत जाण्याची भीती असते. नुसतं मोजणं सोपं. अवघड असतं ते कुठं थांबायचं हे ठरवणं. जवळजवळ माणसाच्या उंचीचा पक्षी, लाल डोकं, पण भिडस्त. चरता चरता जोडीतल्या एकानं मान वर केली आणि ती तशीच राहिली, तर समजावं की आपण जास्त आलोय.

हे मला माहीत होतं. तरी एका ऑगस्टात चूक केली. रोवणी आटोपली होती, बोडीला लागून असलेल्या बांधीत सारसांनी तणस आणि गवताचा ढीग रचून घरटं केलं होतं. सारस बहुधा दोन अंडी घालतो, नर-मादी पाळीपाळीनं महिनाभर उबवतात. मी गोट्याला गाडीवर पुढं बसवून नेलं. नेऊ नये, हे आता कळतं. धुऱ्यावर उतरल्या उतरल्या तो त्या पक्ष्यांकडं तोंड करून वाकला. अंतर शंभर पावलांचं असेल. नरानं मान ताणली, पंख अर्धे उघडले. गोट्या क्षणभर तसाच राहिला, मग उठला, अंग झाडलं आणि माझ्या पायांमागं येऊन बसला. नाही म्हणाले, विषय संपला.

मी मात्र कॅमेरा काढला. चार पावलं, फक्त चार. मादी अंड्यांवरून उठली आणि पाण्यात उतरली. वर कावळे होतेच.

"भाऊ, कुत्रा काहून आनला जी?" मागून आवाज आला. बांधीचा मालक खांद्यावर फावडं घेऊन उभा होता. मी गोट्याची बाजू मांडणार होतो, पण त्याचं पुढचं वाक्य निघालं, "तो त बसला आहे. तुमीच चालले न पुढं!"

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही तिघंही मागं हटलो, पार पलीकडच्या धुऱ्यावर. मादी परत यायला वीस मिनिटं लागली. घड्याळात बघून मोजली. तो फोटो मी अजून कुणाला दाखवलेला नाही. चांगला आलाय, हीच अडचण आहे.

त्यानंतर बघायला जाताना गोट्याला घरीच बांधतो. या खेपेला निघताना तो दारात वाकला, मी मान हलवली, तो भिंतीकडं तोंड करून पडला. तलावावर उजाडायच्या आधीच त्यांची हाक ऐकू आली, एकानं सुरू केली, दुसऱ्यानं उचलली. झुंजूमुंजू झालं तसे दोघं दिसले. त्यातल्या एकानं मान वर केली. मी दोन पावलं मागं सरून खाली बसलो. थोड्या वेळानं मान पुन्हा पाण्यात गेली. वहीत 2 लिहिलं.

घरी आलो, त्याला सोडलं. आंघोळ करून बाहेर येतो तर डाव्या पायाची चप्पल गायब.