बसलेला आवाज

माझ्या धाकट्या मुलीच्या घशाची आजवर नऊ ऑपरेशने झाली. ती आता अकरा वर्षांची आहे. हे ऐकले की समोरचे माणूस दचकते आणि हळूच विचारते, "कॅन्सर का हो?" नाही. चामखिळीसारख्या साध्या गाठी. पण वाढतात कुठे, तर स्वरयंत्रावर, जिथून श्वास जातो तिथेच.

आमच्या घरी सासूबाई कन्नड बोलतात, मी मराठी. तिसऱ्या वर्षी पोर घोगरी बोलू लागली तेव्हा मी म्हणायची, "आवाज बसलाय." अत्ती म्हणायच्या, "गंटल कट्टैति." गळा बांधला गेलाय. आता वाटते, त्यांचाच शब्द खरा होता. ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झाले. मग एका डॉक्टरांनी दमा ठरवला आणि दीड वर्ष पंप चालला. श्वास मात्र दिवसेंदिवस जड होत गेला. शेवटी हुबळीत एका घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली, तेव्हा पडद्यावर फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे काहीतरी दिसले.

रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस. नाव पाठ व्हायलाच महिना गेला. कारण एचपीव्ही नावाचा विषाणू, त्यातले 6 आणि 11 हे प्रकार. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः कारण होणारे 16 आणि 18 हे वेगळे.

लेसरने किंवा बारीक यंत्राने गाठी काढतात. काही महिन्यांनी त्या परत येतात. अत्ती म्हणाल्या, "हरळीसारखंच की! मुळापासून उपटत का नाहीत?" मी तेच डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की मूळ असे नसतेच. शेजारच्या, दिसायला निरोगी अस्तरातही विषाणू दबून बसलेला असतो. सगळे खरवडायला गेले तर स्वरतंतूंवर व्रण पडून आवाज कायमचा जायचा. म्हणून श्वासापुरती वाट मोकळी करायची आणि थांबायचे. गळ्याला बाहेरून भोक पाडून नळी बसवणे तर शक्यतो टाळतात, कारण त्याने गाठी खाली श्वासनलिकेत पसरू शकतात. ऑपरेशनला नेताना 'आता पूर्ण बरी होईल' हे वाक्य मी सोडून दिले आहे. 'आता नीट श्वास येईल' एवढेच म्हणते.

याहून अवघड गोष्ट वेगळीच. लहान मुलांना हा विषाणू बहुधा जन्माच्या वेळी आईकडून मिळतो. हे कळल्यावर एका हळदीकुंकवाला नात्यातल्या बाईने सर्वांदेखत विचारले, "तुला काय होतं गं?" मला काहीच झाले नव्हते. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी तो होतो आणि न कळताच जातो. इतक्या आयांमधून एखाद्याच बाळाला हा आजार होतो, आणि सिझेरियनने तो नक्की टळतो असेही नाही. मी गप्प राहिले, पण अत्ती बोलल्या. "सर्दी कुणाकडून आली म्हणून तू विचारत बसतीस का?" कन्नडमध्ये हे जरा जास्तच झणझणीत लागते. बाईंनी वाटीतले तीळगूळ संपवले आणि निघाल्या.

थोरल्या मुलीला मी लस दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक जानेवारी 2023 मध्ये आली. ती 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांवर आहे. जाऊबाईंनी नाक मुरडले, "लग्नाआधी असली लस कशाला?" अहो, ती आधीच द्यायची असते, तोच तिचा उपयोग! ऑस्ट्रेलियात 2007 पासून मुलींना चार प्रकारांवरची लस दिल्यावर मुलांमधला हा घशाचा आजार खूपच कमी झाला. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत या आजारावरच्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. चार इंजेक्शने असतात, पण ती सध्या मोठ्या माणसांसाठीच.

फोनवर लोक धाकटीला "काय रे बाळा" म्हणतात. ती दुरुस्त करत नाही, सरळ "आई बाथरूममध्ये आहे" सांगते. वर्गात बाई हजेरीला तिला हात वर करू देतात. तिला ते आवडत नाही, ती "प्रेझेंट" म्हणतेच, दोनदा म्हणावे लागले तरी. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत ठेवली आहे. शाळा बुडायला नको, हा तिचाच हट्ट.