बोटांचा मुनीम

टक्क्याची खूण दिसली की बी.कॉम. झालेल्या माणसाला व्याज आठवते. पण भाचा म्हणाला, "मामा, इथे टक्का म्हणजे ऑल्ट!" तेव्हापासून माझा कशावरच विश्वास राहिलेला नाही.

त्याचे असे झाले. नोव्हेंबर म्हणजे आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर मंडळी येतात आणि आपण जिवंत असल्याचे सही करून कबूल करतात. त्यांची यादी एक्सेलमध्ये, नोंद मात्र दुसऱ्याच एका जुनाट प्रोग्रॅममध्ये. म्हणजे कंट्रोल-सी, ऑल्ट-टॅब, कंट्रोल-व्ही, एंटर, परत ऑल्ट-टॅब. असे 120 वेळा! माझी बोटे माझ्याआधी निवृत्तीला आली.

भाच्याने एक्सेलच्या मॅक्रोत 'सेंडकीज' नावाचा मुनीम बसवून दिला. (साहेबांना विचारले नव्हते, हे इथेच सांगून टाकतो.) टोपीसारखी खूण म्हणजे कंट्रोल, अधिकची म्हणजे शिफ्ट, टक्क्याचे वर सांगितलेच. आपण खुणा लिहून ठेवायच्या. कळा तो दाबणार, आपल्या बोटांच्या कळा वाचणार. मी खुशाल चहाला गेलो. परत येतो तो काम फत्ते!

जानेवारीत एक आजी काउंटरवर आल्या. "बाळा, माझं पेन्शन आलं नाही रे. औषधं शेजारणीकडून उसने घेऊन आणली."

पडद्यावर 'दाखला अप्राप्त'. अहो, दाखला मीच घेतला होता! वर त्यांनी दिलेला डिंकाचा लाडूही खाल्ला होता.

हा मुनीम आंधळा. जी खिडकी पुढे असेल तिच्यात कळा टाकून मोकळा. मी चहा पीत असताना पासवर्ड बदलायची आठवण देणारी एक खिडकी नेमकी आजींच्या पाळीला पुढे आली. मुनिमाने आजींची हयात तिच्यात ओतली, एंटरने ती मिटवली आणि पुढच्या आजोबांना हात घातला. यादीत 120, नोंदी 119. ताळा मी पाहिलाच नव्हता. मी, बी.कॉम.!

आजींना थकबाकीसह पैसे मिळाले. शेजारणीचे फिटले. साहेबांनी मला आत बोलावले, त्याचा तपशील देत नाही.

हल्ली मुनीम कामाला लागला की मी समोरून हलत नाही, चहा जागेवरच मागवतो. परवा भाच्याला म्हटले, "सकाळी लॉगिनचे ते कंट्रोल-ऑल्ट-डिलीटही याच्याकडेच दे."

"नाही मामा, तिथे विंडोज सेंडकीजला दाद देत नाही. खरी बोटं लागतात."

म्हणजे रोज सकाळी साडेनऊला माझाही हयातीचा दाखला!