दहा मिनिटांचा थांबा

नवराबायकोच्या प्रवासात धर्मगुरूने तिसरा म्हणून जाऊ नये, एवढे शहाणपण सेमिनरीत कोणी शिकवले नाही तरी मला आहे. तथापि गेल्या जानेवारीत, संक्रांत उलटल्यावर, मी चार दिवस तसा गेलो. आणि तोही चालकाच्या जागेवर बसून. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त एस.टी. चालक एके दिवशी सायंप्रार्थनेनंतर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, मिशनची गाडी चार दिवस द्या. डिझेल माझं. आणि चालवायला तुम्हीच या. हिला माझा रस्ता दाखवायचा राहिलाय."

सारा गाव त्यांना मामा म्हणतो. १९७८ पासून २०११ पर्यंत, तेहतीस वर्षे, त्यांनी एस.टी. चालविली, आणि त्यांतील बहुतेक काळ उदगीरहून बिदर, हुमनाबाद, गुलबर्गा या वाटेवर गेला. त्यांच्या पत्नी आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होत्या. त्यांना अजूनही सारे नर्सबाईच म्हणतात. मामांना काचबिंदू झाला आहे. हा आजार चोरपावलांनी येतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि दृष्टी कडेकडेने खात आत सरकतो. गेलेले परत मिळत नाही. औषधाचे थेंब घालून उरलेले तेवढे राखावयाचे. (ज्यांच्या घरात आईबापांस हा आजार झाला असेल त्यांनी चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत, एवढे येथेच सांगून ठेवतो.) मामांना आता नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते. "आयुष्यभर समोरच बघत आलो," ते हसून म्हणाले, "तेव्हा फार काही बिघडलं नाही म्हणा." बाई हसल्या नाहीत.

उदगीर सोडल्यावर मामा खुलले. पुढे वळण आहे, मग उतार आहे, हे ते मला आधीच सांगत. आणि ते बहुधा बरोबर निघे. हा मुलूख त्यांना परका कधी वाटलाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. भाषावार राज्यरचनेत ते मुंबई राज्याकडे आले, आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. मामांचे वडील जमिनीच्या कागदांसाठी बैलगाडी जुंपून बिदरच्या कचेरीत जात. पुढे तेच बिदर परराज्य झाले. कमलनगरला दुकानांवरच्या पाट्या कानडी, आणि पाटीखाली बसलेला दुकानदार मराठी बोलणारा. चहावाल्याने मामांना गाडीतून उतरताना पाहिले आणि तो ओरडला, "काय डायव्हरसाहेब, आज गाडी लई हलकी आणली!"

भालकीकडे जाताना मांजरेचा पूल ओलांडला, तेव्हा बाईंनी गाडी थांबवावयास सांगितली. पुलावर थांबणे मामांच्या नियमात बसेना, म्हणून पुढे जाऊन उतरलो. बीडकडच्या बालाघाटात उगम पावून ही नदी इकडे येते आणि शेवटी गोदावरीस मिळते. मामा काठावर उभे राहिले. "किती हजार वेळा गेलो असेन इथून. नदी काही पाहिली नाही, पूल पाहिला." मग बाई त्यांना सांगू लागल्या : पाणी मधोमध आहे, काठाला हरभरा आहे, पलीकडे चार म्हशी बसल्या आहेत, एकीच्या पाठीवर बगळा. मामा त्या त्या बाजूस मान वळवीत होते. हा त्यांचा शिरस्ता मग चारही दिवस चालला.

बिदरमध्ये मामांचा एक जुना स्नेही आहे, बिदरी कामाचा कारागीर. १९८४ साली त्याची पिशवी गाडीत राहिली होती; तीत चांदीच्या तारेची वेटोळी होती. मामांनी ती दुसऱ्या फेरीला आणून हातात दिली, आणि तेव्हापासून ओळख. आता काम मुलगा करतो. त्याने आम्हांस सगळी कृती दाखविली. जस्तात थोडे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरतात, आणि कोरलेल्या खोबणीत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून तापविलेल्या भांड्यावर चोळतात. त्याने धातू काळाभोर होतो, आणि चांदी मात्र तशीच पांढरी राहते. ही माती साधी नव्हे. पावसापाण्याचे व उन्हाचे वारे न लागलेली, जुन्या बांधकामाच्या आतली लागते, आणि जाणते कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. म्हाताऱ्या स्नेह्याने एक सुरई मामांच्या हातात दिली. मामांनी ती डोळ्यांजवळ नेलीच नाही. बोटांनीच ते वेल, पान, फूल असे सांगत गेले. तेव्हा तो म्हणाला, "आता खरं गिऱ्हाईक झालास बघ. इतकी वर्षं नुसती किंमत विचारत होतास."

दुपारी महमूद गवानाचा मदरसा पाहिला. इराणातील गीलानहून आलेला हा वजीर विद्वान होता. त्याने १४७२ साली हे विद्यालय उभारले, आणि १४८१ साली एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून बहमनी सुलतानाने त्याचा वध करविला. पुढे औरंगजेबाच्या काळी या इमारतीचा मोठा भाग ढासळला. आत ठेवलेल्या दारूचा स्फोट झाला म्हणतात, कोणी वीज पडली म्हणतात. तेथून आम्ही अष्टूरला सुलतानांच्या घुमटांकडे गेलो. त्यांत हुमायूनाची कबर वीज पडून उभी चिरली आहे. तो फार क्रूर होता, म्हणून ही शिक्षा, असे तेथे सांगतात. मला हा हिशेब पटला नाही. वीज जर माणूस पाहून पडत असेल, तर मदरशाने तिचे काय केले होते? मामांनी मात्र या वादात लक्ष घातले नाही. समोरच्या मैदानात एस.टी. वळविण्यास जागा पुरेल किंवा कसे, हे ते पाहत होते.

दुसऱ्या दिवशी हुमनाबाद. येथे थांबावयाचे ते बाईंसाठी, आणि सगळ्या प्रवासात त्यांनी मागितलेला थांबा हा एवढाच. १९७३ साली एका मिशन इस्पितळात ज्या मुलीबरोबर त्या परिचारिकेचे शिक्षण घेत होत्या, ती हुमनाबादची, मेथडिस्ट कुटुंबातील. ती कानडी बोलणारी, या मराठी. दोघींनी रात्रपाळीत एकमेकींची भाषा मोडकीतोडकी शिकून घेतली. लग्ने झाली, आणि पुढे भेट म्हणून झाली नाही. नाताळाला पत्र येई, पत्र जाई. अकरा वर्षांमागे तेही बंद पडले. बाईंनी शंकरपाळ्यांचा डबा केला होता आणि एक इरकल लुगडे घेतले होते. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर, घर सापडले.

दाराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले की दिवाळीत मुलगा येऊन त्यांना बंगळूरला घेऊन गेला. तिने एका चिठोऱ्यावर मुलाच्या फोनचा नंबर लिहून दिला. बाईंनी तो न वाचताच पिशवीत टाकला.

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाई शांतपणे म्हणाल्या, "इथं तुमची गाडी थांबायची."

"हो," मामा म्हणाले.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"आठवड्यातून तीनदा. आणि घर पाच मिनिटांवर. आपल्याला पासही मिळत होता. मला एकदा आणून सोडलं असतं, आणि परतीच्या फेरीला घेतलं असतं!"

मामा म्हणाले की ड्यूटीवर असताना घरचे माणूस गाडीत असले की लक्ष उडते. बाईंनी विचारले, मग सुटीच्या दिवशी? मामा म्हणाले, सुटीच्या दिवशी पुन्हा गाडीत बसावयाचा कंटाळा येई. हे दोन्ही खरेच असणार, आणि म्हणूनच त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. थोड्या वेळाने मामा एवढेच म्हणाले, "चुकलं माझं." विवाहाच्या तयारीला आलेल्या मुलामुलींपुढे मी संसारावर तासभर बोलतो. त्या वेळी मला एक वाक्य सुचले नाही. मी आरसा सारखा केला आणि गाडी हाकीत राहिलो. माणिकनगरला माणिकप्रभूंचे स्थान पाहावयाचे ठरले होते, जलसंगवीचे चालुक्यकालीन शिल्प पाहावयाचे होते. कोणी नाव काढले नाही, आणि मीही विचारले नाही.

गुलबर्गा शहराचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले आहे. मामांच्या गाडीवरची पाटी शेवटपर्यंत 'गुलबर्गा' हीच होती, म्हणून ते अद्याप तेच म्हणतात. येथे २००५ साली स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. तेथील एका धर्मगुरु-मित्राकडे आमचा मुक्काम होता. सकाळी पवित्र मिस्सा कानडीत झाला. बाईंना शब्द कळत नव्हते, तरी कोठे गुडघे टेकावयाचे, कोठे उत्तर द्यावयाचे, हे चुकले नाही. उत्तरे त्यांनी मराठीत दिली. मग किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद पाहिली. इतर मशिदींसारखे उघडे अंगण तिला नाही. सारी जागा लहानमोठ्या घुमटांखाली झाकलेली. आत कमानींमागे कमानी अशा लांबवर गेल्या आहेत. मामांच्या नळीला ही जागा मानवली. "हे मला पूर्ण दिसतं," ते म्हणाले. आणि बाई दोन दिवसांत प्रथमच त्यांच्याकडे पाहून हसल्या.

दुपारी जेवण कर्नाटकच्या बाजूच्या एका निवृत्त वाहकाकडे. मुक्कामी गाडीच्या रात्री या घरी मामा पुष्कळदा जेवले होते. घरात शहाबादी फरशी. आपल्याकडे घरोघरी, देवळातून, शाळांतून ही फरशी असते, पण ते शहाबाद याच जिल्ह्यातले, हे आपण विसरतो. नव्या तुरीचे वरण होते, कडक भाकरी, शेंगांची चटणी. दोघे चालक-वाहक जुन्या गोष्टींत रमले. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एकदा घाटात वाहकाचा पाय घसरून दोरी ओढली गेली आणि प्रवासी खालीच राहिले, ही कथा मी दोनदा ऐकली, आणि दोन्ही वेळा राहिलेल्यांची संख्या निराळी होती.

स्वयंपाकघरात मात्र वेगळेच चालले होते. वाहकाच्या पत्नीला मराठी येत नव्हते, आणि बाईंचे कानडी पन्नास वर्षांपूर्वीचे. तरीही कुलपाची हकीकत तिला समजली. तिने चिठोरा मागून घेतला, स्वतःच नंबर लावला आणि फोन बाईंच्या हातात दिला. तो मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे पलीकडचे सर्वांनी ऐकले. आधी बराच वेळ कोण, कोण असे झाले; मग एक किंकाळी; आणि मग मोडक्या मराठीत पहिला प्रश्न आला, "त्या तुझ्या डायव्हरनं आणलं का गं शेवटी?"

सारे हसले. मामा प्रथम हसले नाहीत, मग तेही हसले. मैत्रीण मे महिन्यात नातवाला घेऊन हुमनाबादला येणार आहे. मामांनी दुरूनच मोठ्याने सांगितले, "मे महिन्यात आणतो!" आणणार कोण, हे ते बोलले नाहीत. मला ते समजले.

तिसऱ्या दिवशी गाणगापूरला भीमा-अमरजेचा संगम पाहिला. मामांनी पौर्णिमेच्या जादा गाड्या तेथे वर्षानुवर्षे नेल्या होत्या, पण गाडीतळापलीकडे ते कधी गेले नव्हते. बाईंनी त्यांना पाण्यापर्यंत नेले.

चौथ्या दिवशी परतताना हुमनाबाद आले, तेव्हा बाईंनी मला स्थानकाबाहेर गाडी उभी करावयास सांगितली. "तुम्ही बसा, फादर. हे मला दाखवतील." त्या मामांचा दंड धरून आत गेल्या. मला दुरून दोघे दिसत होते. मामा हात करून दाखवीत होते : गाडी येथे लागे, नोंद तेथे करावी लागे, तोंड धुवावयाचा नळ त्या भिंतीला. नळ आता तेथे नसावा, कारण बाईंनी त्यांचा हात धरून थोडा डावीकडे वळविला. मग दोघे बाकावर बसले आणि त्यांनी चहा घेतला. बाईंनी शंकरपाळ्यांचा डबा उघडला, त्यांतल्या काही मामांना दिल्या, आणि शेजारी एक लेकुरवाळी बसली होती तिच्या मुलाला दिल्या.

परत येऊन त्या मागे बसल्या, दार लावून घेतले, मनगटावरचे घड्याळ पाहिले.

"दहा मिनिटं झाली," त्या म्हणाल्या, आणि माझ्या आसनाच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या.