गेलेल्या कंपनीची गाडी

२०२३च्या जून महिन्यात मी एक जुनी मोटार विकत घेतली. शेव्हरोले स्पार्क, २०११ची, पांढऱ्या रंगाची, पेट्रोलवर चालणारी, एकाच मालकाने वापरलेली. किंमत ७२,००० रुपये. आमच्या शहरात ही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. व्यवहार ६५ कोटींच्या घरात होता आणि त्याची बातमी देशभर झाली होती. गावात पैसा आहे हे जगाला कळावे, असा त्यामागचा हेतू सांगितला जाई. ज्या शहराच्या एका अंगाला वाळूजमध्ये बजाजच्या दुचाक्या-तिचाक्या तयार होतात आणि दुसऱ्या अंगाला शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी जुळतात, त्या शहराला वाहनाची ऐट असणे स्वाभाविक आहे. माझी गरज मात्र ऐटीची नव्हती.

आईचे डायलिसिस सुरू झाले होते. आठवड्यातून दोनदा तिला पैठण तालुक्यातल्या आमच्या गावाहून शहरात आणावे लागे. माझ्याकडे शहरात येऊन राहायला ती तयार नव्हती; घर आणि वावर सोडून तिचा जीव रमत नाही. एसटीने येणे जमे, पण चार तास यंत्राला जोडून राहिल्यानंतर उभ्याने परतणे जमत नसे. म्हणून भाड्याची गाडी करत असू. एकदा परतीच्या वाटेवर तिला उलटी झाली. चालकाने गाडी थांबवली, पाणी दिले, आणि गावी पोचल्यावर गाडी धुण्याचे दोनशे रुपये वेगळे मागितले. त्याची मागणी गैर होती असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दिवसापासून आई खिडकीशी प्लास्टिकची पिशवी हातात धरून, अंग चोरून बसू लागली. मला ते बघवेना. गाडी स्वतःची हवी, गावी दारात उभी राहावी आणि धाकट्या भावाने ती चालवावी, एवढेच मी ठरवले. हाताशी ऐंशी-नव्वद हजार रुपये होते.

एवढ्या पैशांत काय मिळते ते पाहायला मी चार रविवार जालना रोडवरच्या आणि सिडकोतल्या जुन्या गाड्यांच्या दुकानांतून हिंडलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. एकाच वर्षाच्या, सारख्याच चाललेल्या, सारख्याच आकाराच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असत, आणि मारुतीच्या किमतीत शेव्हरोलेच्या जवळजवळ दोन आल्या असत्या. कारण विचारले की दुकानदार आवाज खाली आणून म्हणे, “सर, ती नका घेऊ. कंपनी गेली.” घरातले कर्ते माणूस गेले असे सांगताना जो सूर लागतो, तोच हा सूर होता.

कंपनी गेली हे खरेच होते. जनरल मोटर्स या देशात एकदा नव्हे, दोनदा आली आणि दोनदा गेली. १९२८मध्ये तिने मुंबईला शिवडीत मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले. नुसते सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्यांना यापुढे जागा नाही, गाडी इथे घडवायची तयारी हवी, असे ठरले आणि १९५४च्या सुमारास कंपनीने शिवडीचा कारभार आवरला. नव्वदच्या दशकात ती गुजरातेतल्या हालोलला पुन्हा उभी राहिली. २००३पासून शेव्हरोले हे नाव इथल्या गाड्यांवर आले आणि २००८मध्ये पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना निघाला. मे २०१७मध्ये वर्षअखेर भारतातली विक्री थांबवत असल्याचे कंपनीने जाहीर केले; तळेगावहून परदेशी गाड्या पाठवणे चालू होते, तेही डिसेंबर २०२०मध्ये थांबले. फोर्डनेही २०२१मध्ये भारतातल्या कारखान्यांना कुलूप लावण्याचे जाहीर केले. अमेरिकी नावाच्या छोट्या गाड्या स्वस्त मिळण्याचे मर्म एवढेच.

तसे पाहिले तर स्पार्कला अमेरिकी म्हणणे हे नावापुरतेच. ती मुळात कोरियातल्या देवू कंपनीच्या मॅटिझची वारस. देवूचा मोटारधंदा जनरल मोटर्सने घेतला तेव्हा तीही त्या घरात आली. मॅटिझचे पहिले रूप इटलीच्या जुजारोंच्या संस्थेने रेखाटलेले. शेव्हरोले हे नाव ज्याचे, तो लुई शेव्हरोले स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला शर्यतपटू. १९११मध्ये कंपनी निघाली आणि काही वर्षांतच भागीदाराशी न पटल्याने तो स्वतःचे नाव तिथेच ठेवून बाहेर पडला. म्हणजे सोडून जाणे हे या नावाला नवीन नाही.

मोंढा नाक्याजवळ माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत. त्यांना मी विचारले, तर ते म्हणाले, “कंपनी गेली हे इंजिनाला कुठे माहीत आहे?” ९९५ सीसीचे चार सिलिंडरचे साधे इंजिन, बिघडले तर उघडता येते, कळते. फिल्टर, ब्रेकचे लायनर, क्लच या नेहमी झिजणाऱ्या वस्तू बाहेरच्या कंपन्या बनवतात. एखादा भाग इथे मिळाला नाही तर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवता येतो, चार दिवस थांबायची तयारी हवी. “फक्त टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग गाडीच्या किमतीएवढे काम निघते.” मी ते लिहून घेतले.

गाडी सापडली सिडकोत एन-७ मध्ये. दुकानात नव्हे, घरी. मालक वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सोबत मी वडिलांना नेले होते. अण्णांना मोटारीतले काही कळत नाही. परंतु उभ्या जन्मात त्यांनी बैलांच्या पाच-सहा जोड्या घेतल्या आणि विकल्या आहेत, आणि खरेदीला जाणकार माणूस सोबत असावा हा आमच्या घरचा रिवाज आहे. छावणीच्या बाजारात लहानपणी मी त्यांच्याबरोबर जात असे. जबडा उघडून दात पाहायचे: अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग खांद्यावरून हात फिरवायचा, जू लागून सूज आली आहे का ते चाचपायचे. मग चालवून पाहायचे. हेडी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरची रेघही हलत नसे.

गाडीपुढेही अण्णांनी तेच केले. टायरवर तळवा फिरवला. चारही दारे उघडून मिटली. खाली वाकून जमिनीवर तेलाचा डाग आहे का ते पाहिले. बसून एक फेरी मारली आणि उतरल्यावर एवढेच म्हणाले, “चाल चांगली हाये.” मालकांनी एक लाख सांगितले होते. “सगळे करून ठेवले आहे, सर,” असे ते दोनदा म्हणाले. सगळेच विकणारे असे म्हणतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. बेल्टचे विचारले, तर “बदलला आहे” म्हणाले. तेही मी अर्धेच धरले.

भाव मी केला, आणि वाईट केला असे नव्हे. फार चांगला केला. कंपनी गेल्याचे बोललो. पुढच्या तीन वर्षांत नोंदणीची पंधरा वर्षे भरतील, मग तपासणी आणि ५,००० रुपये शुल्क आले, हेही बोललो. त्यांनी ऐकून घेतले. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेले की महिनाअखेर घर रिकामे करून मुलाकडे पुण्याला जायचे आहे आणि तिथे दुसरी गाडी उभी करायला जागा नाही. ते ऐकल्यावर मी सत्तर हजारांवर येऊन थांबलो आणि पुढे बोललोच नाही. गप्प राहणे ही बाजारातली जुनी युक्ती आहे. ती मी छावणीतच शिकलो होतो. दहा मिनिटांनी ७२,००० ठरले. मी पाच हजार इसार दिला. त्यांनी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या, विम्याचे कागद दिले, चावी दिली आणि शेवटी खाकी पुठ्ठ्याची एक वही दिली. “यात सगळे लिहिलेले आहे,” म्हणाले.

परतताना अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाव गाडीचा केलास, का त्याच्या अडचणीचा?”

मी बाजाराचा नियम सांगू लागलो. त्यांनी ऐकले नाही असे नाही, पण त्यांच्या मनात दुसरेच चालले असावे. २०१३च्या उन्हाळ्यात आमची शेवटची जोडी त्यांनी विकली होती. नाथसागर मृतसाठ्यावर आला होता, कडबा मिळत नव्हता, आणि बाजारात जो तो विकायलाच आला होता. आदल्या साली ज्या जोडीला लोक घरी येऊन मागत, तिला त्या दिवशी हेड्याने जे बोट धरले ते अण्णांनी आम्हाला कधी सांगितले नाही. बैल तेच होते. दात, खांदा, चाल काही बदललेले नव्हते. फरक एवढाच की अण्णांना त्या दिवशी विकणे भाग होते आणि समोरच्याला ते ठाऊक होते.

रात्री मी वही उघडली. तारीख, किलोमीटर, काम, खर्च असे चार रकाने. पहिली नोंद डिसेंबर २०११ची. बारा वर्षांतले प्रत्येक तेल, प्रत्येक पंक्चर, एकदा काच फुटली तो खर्च, सगळे एकाच वळणाच्या बारीक अक्षरात. शेवटच्या पानावर फेब्रुवारी २०२३: टायमिंग बेल्ट, चार टायर, बॅटरी. बेरीज २३,६००. खाली एक ओळ, “गाडी देण्याआधी करून ठेवणे.” मी जे अठ्ठावीस हजार पाडून घेतले होते, त्यातले बहुतेक या पानावर होते.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, गाडी कशी चालते ते विचारायला. मी वहीचे बोललो. तुम्ही भाव करताना हे का नाही सांगितले, असे विचारले. ते म्हणाले, “सांगितले होते की, सर.” खरेच सांगितले होते. मी काही रक्कम पाठवतो म्हणालो, तेव्हा ते हसले आणि व्यवहार झाला, आता तो उकरू नये, असे म्हणाले. मी फार आग्रह धरला नाही, हेही इथे लिहिले पाहिजे.

जुन्या वस्तूची बाजारातली किंमत ही बहुतांशी पुढच्या गिऱ्हाइकाच्या भीतीची किंमत असते, असे आता मला वाटते. मारुती महाग, कारण ती पुन्हा विकता येते; स्पार्क स्वस्त, कारण ती विकताना त्रास होईल. ज्याला विकायचीच नाही, त्याला या भीतीचा लाभ आयता मिळतो. तो घेण्यात काही पाप नाही, आणि कंपनी गेल्यामुळे जे स्वस्त झाले ते मी खुशाल घेतले. पण त्या दिवशी मी दोन गोष्टी एकाच भावात घेतल्या होत्या. एक, बाजाराने आधीच पाडलेली किंमत. आणि दुसरी, एका माणसाला महिनाअखेर घर सोडायचे होते ती. पहिलीवर माझा हक्क होता. दुसरीवर होता का, हा अण्णांचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

असो. गाडी माझ्या नावावर झाली तोवर शहराचे नाव बदलले होते. जुन्या कागदांवर औरंगाबाद, नव्या पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर. नंबर मात्र एमएच-२०च राहिला. भाऊ गाडी चालवतो. आई पुढे बसते. पहिल्या फेरीला तिने पिशवी हातात घेतली होती. पाचव्या-सहाव्या फेरीपासून ती पुढच्या खणात टाकून ठेवू लागली आणि बिडकीनच्या अलीकडेच तिला झोप लागू लागली.

ती खाकी वही आता माझ्याकडे असते. तेच चार रकाने, त्याच क्रमाने. अक्षर तेवढे बिघडले आहे. क्लच बदलला, स्टेअरिंगचा खडखडाट काढला, काश्मिरी गेटहून एक भाग मागवला तो नऊ दिवसांनी आला, हे सारे मी त्यात लिहिले. डिसेंबर २०२६ ही नोंदणीची मुदत शेवटच्या पानावर लाल शाईने टिपून ठेवली आहे. पुढेमागे ही गाडी कुणाला द्यायची वेळ आलीच, तर तिच्याबरोबर वहीही द्यायची आहे. फक्त मी ती भाव ठरण्याआधी समोरच्याच्या हातात देईन, आणि तो वाचून होईपर्यंत थांबेन.