आजीने काढलेला नकाशा

चि. मनूस,


अकरावीला भूगोल घेतलास, फार बरं वाटलं. पण ‘स्थान, प्रदेश, प्रमाण, स्थलांतर, ठिकाण... नुसत्या व्याख्या पाठ करायच्या’ असं तू फोनवर म्हणालीस, ते मनाला लागलं. त्याच व्याख्या एकदा आपल्या दहिवडीला लावून बघ.

अक्षांश-रेखांश सांगितले की स्थान कळलं, असं वाटतं. पण गावाचं खरं स्थान शेजारावरून कळतं. महाबळेश्वर आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडे पाचशेचीही खात्री नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिते होतात आणि घाट उतरलेला वारा आपल्या माळावर कोरडाच पोचतो. आपण पर्जन्यछायेतली माणसं.

आता आपल्या सातारा जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढ. महाबळेश्वराचा पाऊस त्यात मिसळला की सगळा जिल्हा भिजलेला दिसतो आणि टँकरपुढे लावलेला तुझ्या आजीचा हंडा कुठेच दिसत नाही. प्रमाण म्हणजे हेच. कुठलाही आकडा समोर आला की आधी विचार, हा जिल्ह्याचा, तालुक्याचा की वाडीचा?

आपण माणदेशातले, पण त्या नावाचा जिल्हा सरकारी नकाशावर नाही. माण, आटपाडी, सांगोला हे तालुके सातारा, सांगली, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत वाटले गेलेत. तरी म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघाला की तिन्हीकडची माणसं गोळा होतात आणि स्वतःला माणदेशी म्हणवतात. प्रदेश असा माणसांच्या बोलण्यातही नांदतो.

पाऊस जिथे पोचला नाही, तिथून माणसं निघाली. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कामगार सोनं-चांदी गाळायला देशभर गेले. तुझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मुंबई गाठून मशीद बंदरला माथाडी झाले. १९६९ चा माथाडी कायदा तेव्हा नवा होता. त्यांच्या मनीऑर्डरीवर तुझी आई शिकली. स्थलांतराची व्याख्या लिहिताना आजोबांची पाठ आठव.

राहिलं ‘ठिकाण’. ते मी सांगणार नाही. दिवाळीत ये, आजीपुढे कोरा कागद ठेव आणि गावाचा नकाशा काढायला सांग. तिला उत्तर दिशा दाखवता येणार नाही. पण कुठली विहीर माघात आटते, कुठली चैत्रापर्यंत साथ देते, कुठल्या बांधावरच्या बाभळीखाली आजोबांची एसटी दिसेपर्यंत ती उभी राहायची, हे ती बोट ठेवून सांगेल. तो कागद जपून ठेव. तुझ्या अभ्यासाची सुरुवात तिथून होऊ दे.

तुझा,
मामा